मी आलो, मी आले

एका घराच्या दाराच्या फटीत चिठ्ठी सापडते. तीत एवढेच लिहिलेले असते : ‘दुपारी आले होते. कुलूप दिसले, म्हणून परत गेले. उद्या पुन्हा येईन.’ खाली सही नाही, नाव नाही. तरीही चिठ्ठी वाचणारा मराठी माणूस सहज विचारतो, ‘कोण बाई येऊन गेली बरे?’ लिहिणारीने नाव सांगितलेले नाही. पण ‘आले’ आणि ‘गेले’ या दोन क्रियापदांनी ती स्त्री असल्याचे सांगून टाकले आहे. हीच चिठ्ठी बंगालीत किंवा कन्नडमध्ये असती, तर हा उलगडा झाला नसता. बंगाली क्रियापदाला लिंग नाही. कन्नडमध्ये ‘तो आला’ आणि ‘ती आली’ यांची रूपे वेगळी असली, तरी स्वतःविषयी बोलताना स्त्रीपुरुष एकच रूप वापरतात. हिंदी मात्र मराठीच्याही एक पाऊल पुढे आहे. मराठीत ‘येईन’ हे रूप दोघांनाही सारखेच. हिंदीत उद्याच्या येण्याविषयी लिहितानाही ‘आऊँगा’ की ‘आऊँगी’ हे ठरवावे लागते.

चिठ्ठीत ‘आलो होतो’ असे असते, तर लिहिणारा पुरुषच असेल, अशी खात्री मात्र देता आली नसती. कोल्हापूरकडच्या अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे अगदी सहजपणे म्हणतात. शेजारच्या कन्नडमध्ये ‘मी’बरोबर येणाऱ्या क्रियापदाला लिंगभेद नाही, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. विदर्भातील स्त्री ‘मी आली’, ‘मी गेली’ असे म्हणते. तिने स्त्रीलिंग सोडलेले नाही, फक्त पुण्याकडचे ‘आले’ तिच्या तोंडी नाही. मालवणीत मुलगी म्हणजे ‘चेडू’, आणि हा शब्द नपुंसकलिंगी चालतो. गोव्याच्या कोंकणीतही लहान मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगाने होतो. इतके दूर जायला नको. प्रमाण मराठीतसुद्धा ‘एकटे बाईमाणूस काय करणार?’ या वाक्यात धडधाकट, कर्ती स्त्री नपुंसकलिंगी होऊन जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. व्याकरणातील लिंग आणि माणसाचे स्त्रीपण वा पुरुषपण यांचे नाते तक्त्यात दिसते तेवढे सरळ नाही. तरीही कोल्हापूरची मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला गेली की तिचे ‘मी जातो’ ऐकून लोक हसतात. कोणी म्हणतो, ‘पुरुषासारखी बोलते’. कोणी म्हणतो, ‘अशुद्ध बोलते’. पहिल्या शेऱ्यात तिच्या स्त्रीपणाची परीक्षा आहे, दुसऱ्यात तिच्या शिक्षणाची. दोन्ही परीक्षा तिने न मागता घेतल्या जातात.

स्त्रीच्या बोलण्याची अशी परीक्षा घेणारा समाज केवळ मराठी नाही. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हा भेदच नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या स्त्रियांची भाषा पुरुषांहून वेगळी असते, आणि तो वेगळेपणा त्यांना महागात पडतो, असे रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने १९७३ मध्ये एका दीर्घ लेखात मांडले. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, तो लेख पुस्तकरूपाने आला. लेकॉफ कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे अध्यापन करीत असत. भाषा आणि लिंगभाव या विषयाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात बहुधा त्यांच्या या पुस्तकापासून मानली जाते.

लेकॉफ यांनी नोंदवलेली लक्षणे मराठी वाचकालाही ओळखीची वाटतील. स्त्रिया रंगांच्या बारीकसारीक छटांना नावे देतात. पुरुषाने तसे केले तर ते चमत्कारिक वाटते. स्त्रिया विधान करतात आणि शेवटी दुजोरा मागतात : ‘आज फार उकडते आहे, नाही का?’ मत सांगण्याआधी त्या ते मऊ करून घेतात : ‘मला आपले असे वाटते.’ विनंती करताना त्या गरजेपेक्षा जास्त नम्र होतात, आणि शिवी किंवा कठोर शब्द टाळतात. या लक्षणांची यादी करणे हा लेकॉफ यांचा मुख्य हेतू नव्हता. ही बोलण्याची पद्धत जन्मजात नसून मुलींना ती लहानपणापासून शिकवली जाते, हे त्यांना दाखवायचे होते. मुलीने आरडाओरडा केला की घरचे तिला दटावतात. मुलाने केला तर कानाआड करतात. पुढे ती मोठी होते, आणि मग तिला ठामपणे बोलता येत नाही, तिचे म्हणणे गंभीरपणे घेण्यासारखे नसते, असे तेच लोक म्हणतात. ती ठामपणे बोललीच, तर तिला ‘बाईसारखे वागता येत नाही’ अशी टीका ऐकावी लागते. लेकॉफ यांनी दाखवलेला पेच हा आहे. इकडे आड आणि तिकडे विहीर, असे मराठीत त्याला म्हणतात.

लेकॉफ यांनी गावोगाव हिंडून बोलणी ध्वनिमुद्रित केली नव्हती. स्वतःचे बोलणे, ओळखीच्या लोकांचे बोलणे आणि दूरचित्रवाणीवरील जाहिराती व विनोदी मालिका, ही त्यांची सामग्री होती. यावर पुढे बरीच टीका झाली. त्यांनी रेखाटलेली स्त्री ही अमेरिकेतील शिकलेली, मध्यमवर्गीय, गोरी स्त्री आहे, ही टीका रास्तच म्हणावी लागेल. जाहिराती आणि मालिकांचा आधार घेतल्याबद्दल मात्र त्यांना दोष देणे योग्य नाही. स्त्रिया प्रत्यक्षात कशा बोलतात हे मालिकेतून कळणार नाही, हे खरे. परंतु स्त्रियांनी कसे बोलावे अशी समाजाची अपेक्षा आहे, हे मालिकेइतके स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. मराठी मालिकांतील सोशिक सून हळू बोलते, वाक्य अर्धवट सोडते आणि पुष्कळदा रडते. कारस्थानी बाई मात्र पूर्ण वाक्ये बोलते. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी हा धडा घरोघर गिरवला जातो.

इकडे आड आणि तिकडे विहीर याचे मराठीतील उदाहरण लेकॉफ यांच्या पुस्तकाहून जवळजवळ शंभर वर्षे जुने आहे. १८८१ मध्ये सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर नवजात मुलाच्या हत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यातील भाषेत ‘मला आपले वाटते’ हा सूर कुठेही नाही. ती थेट, तिखट, जागोजाग उपरोधाने भरलेली आणि बोलीचा ठसका असलेली भाषा आहे. ज्या पुरुषांनी स्त्रियांना दोष दिले, तेच दोष एकेक करून ताराबाईंनी त्यांच्या पदरात घातले. या पुस्तकाची हेटाळणी झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, परंतु त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. मराठीने एक समर्थ गद्यलेखिका पहिल्याच पुस्तकात गमावली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मग ज्याला ‘बायकी बोलणे’ म्हणतात, ते खरोखर बायकांचे असते का? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर न्यायालयातून आले. विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स या दोन संशोधकांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील खटल्यांमध्ये साक्षीदार कसे बोलतात याचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेकॉफ यांनी सांगितलेली लक्षणे सगळ्या स्त्रियांच्या साक्षीत आढळली नाहीत. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या, आपल्या विषयात मुरलेल्या स्त्रियांच्या बोलण्यात ती फारच कमी होती. उलट, समाजात ज्यांचे स्थान खालचे होते आणि न्यायालयाची सवय नव्हती, अशा पुरुषांच्या बोलण्यात ती भरपूर होती. अडखळणे, दुजोरा मागणे आणि अतिनम्र होणे ही दुबळ्या स्थानावरून बोलणाऱ्याची भाषा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्त्रियांच्या वाट्याला ते स्थान अधिक वेळा येते, म्हणून ती भाषा त्यांची वाटते.

हा निष्कर्ष तपासून पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मासळीबाजारात उभे राहावे. तेथे भाव ठरवणारी, गिऱ्हाइकाला एका वाक्यात गप्प करणारी, हिशोब तोंडी करणारी कोळीण असते. तिचा माल, तिचा पैसा आणि तिचा शब्द. ‘नाही का?’ असा दुजोरा मागण्याची वेळ तिच्यापेक्षा गिऱ्हाइकावरच जास्त येते. तीच बाई सरकारी दवाखान्यात किंवा बँकेत गेली, की तिचा आवाज खाली येतो आणि वाक्ये तुटक होतात. बाई तीच असते. ती उभी आहे ती जागा बदललेली असते. तालुक्याच्या कचेरीत साहेबापुढे उभा असलेला शेतकरीही ‘जमलं तर बघा, साहेब’ असेच म्हणतो, आणि त्याला कोणी ‘बायकी’ म्हणत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचेही असेच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी, ऐकायला फक्त दुसऱ्या बायका असताना, निरक्षर स्त्रिया सासर, माहेर, नशीब आणि देव यांच्याविषयी जे बोलल्या, ते त्या दिवसाउजेडी ओटीवर बोलल्या नसत्या.

घराच्या आत ही स्थानाची गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती संबोधनांत. पिढ्यान्‌पिढ्या मराठी नवरा बायकोला ‘अगं’ म्हणत आला आणि बायको त्याला ‘अहो’ म्हणत आली. त्याला ‘तू’ म्हणण्याचा हक्क. तिच्याकडे मात्र आदरार्थी बहुवचन. त्याचे नाव घ्यायचे तर उखाण्यात, तेही कोणी आग्रह केला तर. लग्नात तिचे आडनाव बदलते हे जगात अनेक ठिकाणी घडते. तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून पहिले नावही बदलण्याची चाल मात्र मराठी घरांत पुष्कळ काळ होती. नावाआधी तिला ‘कुमारी’, ‘सौभाग्यवती’ किंवा ‘श्रीमती’ यांतले काहीतरी लावावे लागते, म्हणजे तिच्या नवऱ्याची हकिकत तिच्या नावातच वाचता येते. ‘श्री.’ या उपाधीवरून पुरुषाचे लग्न झाले आहे की नाही, हे कळत नाही. इंग्रजीतील अशाच विषमतेकडे लेकॉफ यांनीही बोट दाखवले होते. नव्या पिढीत नवरा-बायको परस्परांना ‘अरे’ आणि ‘अगं’ म्हणू लागले आहेत, ही लहान गोष्ट नाही. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णयही याच वाटेवरचा आहे.

पदनामांची कथा थोडी विनोदी आहे. जुन्या मराठीत ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची बायको. गावाचा कारभार तिच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. ‘मास्तरीण’ शाळेत शिकवणारीही असू शकते आणि मास्तरांची पत्नीही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. ‘सरपंच’ शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावण्याची गरज पडली नाही. ‘ती सरपंच झाली’ हे वाक्य मराठीने विनातक्रार स्वीकारले. पण त्याच वेळी भाषेने आणखी एक शब्द घडवला : ‘सरपंचपती’. पाटलिणीला नवऱ्याचे पद केवळ नावापुरते मिळत असे. सरपंचपतीला बायकोचे पद मिळाले ते खुर्ची आणि शिक्क्यासकट. व्याकरण दोन्हीकडे सारखे दिसते. व्यवहार तसा नाही.

वेशभूषा, हावभाव आणि क्रियापदे यांतून स्त्रीपण किती प्रमाणात ‘घडवले’ जाते, याचा सर्वांत ठळक पुरावा मराठी रंगभूमीने दिला आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), यांनी ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधली सिंधू या भूमिका अशा केल्या, की खानदानी घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. म्हणजे काय झाले? स्त्रीचे संवाद खाडिलकर आणि गडकरी या पुरुषांनी लिहिले, ते एका पुरुषाने म्हटले, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्रियांनी त्याला आदर्श मानले. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तेव्हा मराठी रंगभूमीचे नवे युग सुरू झाले असे म्हणतात. पुरुषाचे असे सोंग विनोदी नाटक-सिनेमांतून नंतरही टिकले, आणि तेथे हशा लुगड्यापेक्षा क्रियापदावर जास्त पिकतो : सोंग उत्तम वठलेले असते, आणि ऐन वेळी तोंडातून ‘आले’ऐवजी ‘आलो’ निसटते. प्रेक्षक हसतो, कारण एका ओकाराने सगळे उघडे पडेल, हे त्याला ठाऊक असते.

रंगमंचावर जे हसण्यावारी जाते, ते काही माणसांचे रोजचे जगणे आहे. किरा हॉल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने १९९० च्या दशकाच्या आरंभी बनारसमध्ये व्हेरोनिका ओडोनव्हन यांच्यासह तृतीयपंथी म्हणजे हिजडा समाजातील व्यक्तींच्या हिंदी बोलण्याचा अभ्यास केला. त्यांचा लेख १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. या व्यक्ती स्वतःविषयी कधी स्त्रीलिंगी, तर कधी पुल्लिंगी रूप वापरतात, आणि हा गोंधळ नसून त्यात पद्धत आहे, असे दोघींना आढळले. आपसात, जवळिकीने बोलताना स्त्रीलिंग येते. गुरूबद्दल आदर दाखवताना, अंतर राखताना, राग आलेला असताना किंवा एखादी गोष्ट ठासून सांगताना पुल्लिंग येते. घर सोडण्यापूर्वीच्या बालपणाविषयी बोलतानाही काही जणी पुल्लिंगाकडे वळतात. स्त्रीलिंगी बोलणे आपल्याला सवयीने शिकावे लागले, असेही काहींनी सांगितले. ज्यांना भाषेतील दोनच खणांपैकी कोणताही एक पुरत नाही, त्यांनी दोन्ही खण वापरून आपले म्हणणे मांडले, असाच याचा अर्थ करावा लागतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्याआधी, २०१२ मध्ये, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आले होते. कायदा आणि साहित्य यांनी जागा केली. व्याकरणाच्या पुस्तकांनी अजून केलेली नाही.

पाठ्यपुस्तके बदलतात, पण हळूहळू. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र आले, तेव्हा त्याचे बरेच कौतुक झाले. चित्रापेक्षा व्याकरणाची उदाहरणे अधिक चिवट असतात. त्यांत पुरुष अजूनही पुस्तक वाचतो आणि स्त्री पाणी भरते. अशी वाक्ये वाचून मोठी झालेली आणि संसाराच्या धबडग्यात शाळा सुटलेली एखादी बाई चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसते. औपचारिक पत्रात ‘मी आपणांस कळविते’ असे लिहावे, हे तिला शिकवले पाहिजे, कारण अर्ज आणि नोकरी यांच्या दारावर तीच भाषा चालते. पण त्यासाठी तिचे घरातले ‘मी सांगतो’ किंवा ‘मी गेली’ हे अशुद्ध ठरवण्याची गरज नाही. ती दुसऱ्या ठिकाणची, तितकीच जुनी आणि नियमबद्ध मराठी आहे. ज्या शिक्षकाला हा फरक समजावून सांगता येत नाही, त्याने लाल शाई जपून वापरावी.

याच बाईला सरकारी कचेरीत एक स्वयंघोषणापत्र भरावे लागते. त्यावर ‘मी याद्वारे घोषित करतो/करते की’ असे छापलेले असते, आणि नको असलेला शब्द खोडायचा असतो. अशा छापील मजकुरातला हा ‘/करते’ स्त्रियांसाठी आला. तृतीयपंथी व्यक्तीने त्या तिरक्या रेघेच्या कोणत्या बाजूला उभे राहावे, याचा विचार तो छापणाऱ्याने केलेला नाही. वास्तविक मराठीत तो मार्ग आहे, आणि फार अवघडही नाही. ‘माझे असे निवेदन आहे की’ असे लिहिले, तर क्रियापद निवेदनामागे जाते, बोलणाऱ्यामागे नाही, आणि खोडायला काहीच उरत नाही.